आईसाठी गादीखालचा सेन्सर घ्यावा का?

आई हातात घड्याळ ठेवत नाही, कॅमेरा तिला नको, आणि पुण्यात ती राहते त्या ज्येष्ठांच्या निवासातून रोज "झोप छान झाली" एवढंच कळतं. अशा वेळी गादीखाली ठेवायची सेन्सरची पट्टी कामाची आहे का, असं तुम्ही न्यू जर्सीहून विचारलंय. आहे. फक्त ॲपमध्ये ठळक दिसणारा झोपेचा 'स्कोअर' विसरा.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला शरीराला बारीकसा हिसका बसतो, श्वासागणिक छाती वरखाली होते. छातीच्या पातळीवर, गादीखाली ठेवलेली पट्टी हे टिपते. त्यावरून नाडी, श्वासाचा वेग, तळमळ आणि पलंगावरून उठणं बऱ्यापैकी कळतं. मेंदूच्या लहरी तिला कळत नाहीत, त्यामुळे 'गाढ झोप ५० मिनिटं' हा निव्वळ अंदाज. श्वास अडकत असल्याची शंका आली, तर निदान स्लीप स्टडीनेच, म्हणजे झोपेच्या वैद्यकीय तपासणीनेच.

अमेरिकेत मिझुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी कोलंबिया शहरातल्या 'टायगरप्लेस' या ज्येष्ठांच्या निवासात अशा पट्ट्यांचा प्रयोग अनेक वर्षं चालवला. त्यांच्या एका पट्टीत चक्क पाण्याने भरलेल्या नळ्या होत्या! पण खरी हुशारी पुढे आहे. तुलना व्हायची ती त्याच व्यक्तीच्या आधीच्या दिवसांशी. फरक पडला की इशारा नर्सला, आणि तो किती मनावर घ्यायचा हे ती ठरवणार. रात्री बाथरूमच्या फेऱ्या एकदम वाढल्या, तर कारण लघवीचा संसर्ग असू शकतं, साखर असू शकते किंवा संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळीही. पट्टी यातलं काही सांगत नाही. माणसानेच जाऊन विचारायचं. आणि तुलनेला आईचे आधीचे दिवस हवेत, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे नुसती नोंद होऊ द्या.

काथ्याची जाड, कडक गादी असेल तर आधी चाचणी घ्या. पंपाच्या एअर बेडखाली नोंदी बिघडतात. वाय-फाय त्या खोलीपर्यंत पोचतं का, तेही बघा.

आईला न सांगता मात्र बसवू नका. आमच्या रात्रपाळीत मी पाहिलंय, आजी-आजोबांना यंत्रापेक्षा "मुलं पाळत ठेवतात" याचाच राग जास्त येतो. माहिती कोण बघणार, हे त्यांनाच ठरवू द्या.

आणि पैसे भरण्याआधी निवासाच्या व्यवस्थापकांना विचारा: रात्री दोनला आई उठली आणि वीस मिनिटं परतली नाही, तर फोन कोणाचा वाजणार? "तुमच्या ॲपवर दिसेल की" असं उत्तर आलं, तर तूर्त थांबा. न्यू जर्सीत बसून तुम्ही दार ठोठावू शकणार नाही.