कॅन्सर आणि रक्तविकारांच्या वॉर्डात नर्सचं काम नेमकं काय असतं? जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेय, कोल्हापुरात नोकरी मिळतेय, घेऊ का?

तू लिहिलंयस की सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) पोस्टिंग झालं, जनरल वॉर्डाची भीती गेली, पण ‘कॅन्सर’ म्हटलं की आई नको म्हणते. (वयानं लहान असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.) मी कोल्हापुरातच अशा वॉर्डात चौदा वर्षं काढलीत. घे नोकरी. आईला वाटतं दिवसभर रडारड बघावी लागेल. रडायला तिथं कुणाला सवड नसते गं, दिवसभर डोळे उघडे ठेवून थकायला होतं.

मला हे कळलं दुसऱ्या वर्षी. एका मामांना डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध शिरेतून चालू होतं, पेशंट त्याला ‘तांबडं औषध’ म्हणतात. मामा म्हणाले, “सिस्टर, जरा चुरचुरतंय.” मी म्हटलं, “होतं थोडं,” आणि शेजारच्या बेडची सलाईन बदलायला गेले. परत येते तर सुईच्या वर रुपयाएवढी सूज. हे औषध शिरेबाहेर गेलं की आतलं मांस जळतं. औषध तिथंच बंद करायचं, सुई लगेच उपसायची नाही, आधी सिरिंजनं येईल तेवढं मागं ओढायचं, मग सुई काढून बर्फ लावायचा. सगळं केलं, डॉक्टरांना बोलावलं, तरी जखम भरायला दोन महिने गेले. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून ‘चुरचुरतंय’ ऐकलं की माझा हात आधी नळी बंद करायच्या क्लॅम्पकडं जातो. (विनक्रिस्टीन या दुसऱ्या केमोच्या औषधाला मात्र बर्फ नाही, कोमट शेक. ही अदलाबदल करू नकोस.)

दुसरी गोष्ट ताप. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. पेशंट दिसायला ठणठणीत, गप्पा मारत बसलेला, आणि थर्मामीटरवर १००.४. घरचे म्हणतात, एवढ्यानं काय होतंय, आणि तापाची गोळी देऊन झोपवतात. पेशीच नसल्या की पू धरत नाही, सूज येत नाही. बऱ्याचदा जंतुसंसर्गाची ताप ही एकच खूण असते, ती गोळीनं पुसून जाते. खरं तर तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जायला हवा. घरी सोडताना मी हे पेशंटला नाही, घरात जी बाई औषधं देते तिला सांगते, आणि तिच्याकडनं परत वदवून घेते.

आपल्याकडं मायेचीही एक भानगड असते. ताकद यावी म्हणून पाहुणे गंगावेशीतनं धारोष्ण दूध किटलीत घेऊन येतात. तालमीतल्या पोरांचं सोड, काउंट पडलेल्या, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाला कच्चं दूध अजिबात नाही. मी किटली परत पाठवत नाही, उकळून आणायला लावते. तोंड आलं असेल तर तांबडा रस्साही बंद, त्या जागी मीठ-सोड्याच्या गुळण्या. यावर वाद घालणारे भेटतीलच.

रक्तविकारांत थॅलेसेमियाची (अंगात पुरेसं रक्त तयार न होणारी) मुलं येतात, दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला. आमच्याकडं एक चिमुरडी यायची, कुठली शीर घ्यायची ते तीच सांगायची, आणि तिचंच बरोबर असायचं. पिशवीवरचं नाव, नंबर, गट दोघींनी मोठ्यानं वाचायचा. पहिली १५ मिनिटं बेड सोडायचा नाही: थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर गांध्या उठल्या तर आधी रक्त बंद, मग फोन. पिशवी ४ तासांत संपली पाहिजे. प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, आल्या की लावायच्या. एका नव्या स्टाफनं ‘रक्तच की’ म्हणून आत ठेवल्या होत्या. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या पेशंटला दंडात किंवा कमरेत इंजेक्शन टोचायचं नाही.

मुलाखतीत पगाराच्या आधी एक विचार: केमोची औषधं कोण मिसळतं आणि कुठं? सेफ्टी कॅबिनेट (औषध मिसळणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणूनचं बंदिस्त कपाट) आहे म्हणाले तर बघू दे म्हण. उघड्या टेबलावर नर्सच मिसळतात असं दिसलं तर तिथं जाऊ नकोस, दुसरीकडं बघ. केमोनंतर ४८ तास पेशंटचं लघवीचं भांडंसुद्धा ग्लोव्ह्जशिवाय उचलायचं नाही, हे आईला मात्र सांगू नकोस.

आणि थर्मामीटर स्वतःचा घे. वॉर्डातला कायम कुणीतरी नेलेला असतो.