ऑनलाइन गेममुळे एलजीबीटीक्यू (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे) किशोरवयीनांचं दारू पिणं खरंच कमी होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण गेममध्ये नुसते दारूचे दुष्परिणाम सांगितले तर मुलं दोन मिनिटांत बंद करतील. या मुलांच्या पिण्याचं मूळ बऱ्याचदा शाळेतल्या छळात, घरातल्या लपवाछपवीत आणि एकटेपणात असतं. गेमने तिथे हात घालायला हवा. अमेरिकेत १४ ते १८ वयाच्या २४० जणांवर असा एक गेम तपासला गेला. त्याचा भर मदत मागण्यावर आणि ताण हाताळण्यावर होता, तरी एका बैठकीत भरमसाट पिण्याचं प्रमाण घटलं. मला हे फार मोलाचं वाटतं. मदत मागायची तयारी मात्र फारशी वाढली नाही, त्यामुळे जोडीला विश्वासाचं मोठं माणूस लागतंच.

आणि गेमने खरं नाव किंवा फोटो मागू नये. स्क्रीनवरचं चिन्हही साधंच असावं; फोन घरच्यांच्या हाती पडला तर मुलाचं गुपित फुटता कामा नये.