पसंती ते साखरपुडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाहण्याचा कार्यक्रम झाला, नंतर एकदा बाहेर तासभर भेटलो. मुलगा बरा वाटला, पण अजून नीट कळलेला नाही. त्याच्या घरचे म्हणतात, आठ दिवसांत काय ते कळवा, कार्यालयाच्या तारखा जातात. काय करू? (वय २७, नाशिक)

उत्तर : आठ दिवसांत ‘आणखी भेटायला आवडेल’ एवढंच कळवता येतं, आणि तेवढंच कळवा. मध्यस्थाकरवी निरोप नको. आईने किंवा वडिलांनी थेट मुलाच्या घरी फोन करून सांगावं, “स्थळ आवडलंय, पण मुलांना दीड-दोन महिने द्या. तोवर आम्हीही दुसरीकडे पाहणार नाही.” हे शेवटचं वाक्य विसरू नका. बरीचशी घाई ‘हे आपल्याला टांगून ठेवतील’ या धास्तीपोटी असते. ती गेली की माणसं थांबतात. एवढं सांगूनही जे थांबत नाहीत, त्या घरात पुढचे निर्णयही असेच होणार असं समजा.

या काळात चार-पाच भेटी व्हाव्यात. सगळ्या कॅफेत नकोत. तिथे कपड्यांबरोबर उत्तरंही इस्त्री करून आणलेली असतात. एखाद्या रविवारी भावंडाला सोबत घेऊन तो राहतो तिथे जा. ओटा कसा आहे, डबा कुठून येतो, कपडे कोण धुतं, सगळं दिसतं. “लग्नानंतर कामात मदत करशील ना?” याला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा “काल रात्री जेवायला काय होतं, भांडी कोणी घासली?” असं विचारा.

पैशांचंही तसंच. बायोडेटातलं ‘पॅकेज १८ लाख’ म्हणजे महिना दीड लाख नव्हे. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामगिरीवरचा बोनस धरलेला असू शकतो, वर प्राप्तिकर कापला जातो. हातात किती येतात ते विचारा. मग हप्ते. ५० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे ४३ हजार जातात. फ्लॅट कोणाच्या नावावर, हप्ता कोण भरतं, गावी किती पाठवावे लागतात, हे साखरपुड्याआधी कळायलाच हवं. आधी तुमचे आकडे सांगा, मग त्याचे विचारा. म्हणजे उलटतपासणी वाटत नाही.

प्रश्न : आम्हा दोघांची पसंती आहे, पण पत्रिकेत एकनाड आली. शिवाय दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. घरचे नको म्हणतात. (वय ३०, अमरावती)

उत्तर : रक्तगट एक असल्याने मुलांना काहीही होत नाही. ही समजूत कृपा करून आजच घरातून काढा. पाहायचं असतं ते आरएच, म्हणजे रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणात साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. तेही लग्न मोडायचं कारण नव्हे. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही.

नाडीचा हिशेब असा : २७ नक्षत्रं, आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. म्हणजे कुठलीही दोन माणसं घेतली तरी साधारण तीनातल्या एका जोडीला एकनाड येणारच. ३६ गुणांपैकी नाडीचे ८ जातात, इतकंच. घरच्यांची श्रद्धा असेल तर वाद घालू नका. नक्षत्र एक पण चरण वेगळे, किंवा रास एक पण नक्षत्रं वेगळी असतील तर दोष धरत नाहीत; ते गुरुजींकडून पाहून घ्या.

खरी तपासणी मात्र दोघांनी जरूर करा : हिमोग्लोबिन एचपीएलसी ही रक्ताची चाचणी. त्यात थॅलेसेमिया (वाहक असण्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात) आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक कळतात. विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगतो. वाहक माणूस ठणठणीत दिसतो, स्वतःला पत्ताही नसतो. एकच जण वाहक असेल तर बाळाला गंभीर आजार होत नाही. दोघंही असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. एक थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला तरी धोका आहेच. अशा वेळी साखरपुड्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा; गर्भाची तपासणी करता येते.

प्रश्न : आमचे धर्म वेगळे. दोन्ही घरं राजी आहेत. नोंदणी लग्नासाठी किती आधी धावपळ करावी? (वय २९, पुणे)

उत्तर : १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग किमान ३० दिवस राहिलेलं हवं. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस हरकतींसाठी. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. घोळ होतो तो पत्त्यावर : आधार गावचं आणि राहणं पुण्यात. भाडेकरार आधीच नोंदवून ठेवा, आणि नोटीस दिल्याशिवाय हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका.