दुसऱ्यांदा दिल्ली, सोबत आई

हे बघ, मागच्या वेळची धावपळीची यादी घरीच ठेव. बेळगावातून गोवा एक्स्प्रेसनं गेलास की निजामुद्दीनला उतरशील. हुमायूनची कबर तिथून जवळच. आवारात शिरल्यावर उजवीकडे इसा खानची अष्टकोनी कबर आहे, १५४७ सालची, म्हणजे हुमायूनच्या कबरीहून जुनी. लोक सरळ पुढे पळतात. तू थांब, आईला वरच्या छत्र्यांवर, म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमट्यांवर, उरलेल्या निळ्या फरश्या दाखव. हुमायूनच्या चौथऱ्याच्या पायऱ्या मात्र उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तिला बागेतच बसव, उगीच हट्ट नको. लाल किल्ला सोमवारी बंद. संध्याकाळी राजीव चौकात मेट्रो बदलू नकोस, गर्दीत आईचे हाल होतील. आणि शेंगाचटणी घे रे, छोले-भटुरे आईला किती दिवस चालणार!