मेंडोलिनला कोटिंगच्या तारा घ्याव्यात का?

प्रश्न : मी सोलापुरात ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवतो. महिन्याभरात तारा काळ्या पडतात. कोटिंगच्या, म्हणजे वरून पातळ संरक्षक थर दिलेल्या, तारा महाग आहेत, घेऊ का?

उत्तर : घ्या, पण आठही तारांकडून सारखी अपेक्षा नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या घरात जातो. बोटांचा घाम ‘जी’ आणि ‘डी’ या जाड तारांवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत शिरतो, मळ धरतो, आवाज बसका होतो. कोटिंग नेमकं तिथं कामाला येतं. ‘ई’ची बारीक तार मात्र ताणानं तुटते, तिला कोटिंग काय करणार? तिच्या साध्या, सुट्या तारा वाद्याच्या पेटीत ठेवा.

मी स्वतः घरी साध्याच लावतो. कोटिंगचा आवाज मला जरा दबलेला वाटतो. वाजवून झालं की विरलेल्या चादरीच्या तुकड्यानं पुसतो, तारांच्या खालूनही.