हिशेब बोटांचा नाही, कामाचा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कागद नीट वाचले. चाकणच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर, वय 30, उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसखाली, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राखाली, गेलेली. दवाखान्यातून घरी सोडताना मालकाने 40,000 रुपये हातावर ठेवले आणि ‘आता माझी काही तक्रार नाही’ अशा स्टॅम्प पेपरवर सही घेतली. त्या सहीने दावा बुडाला का, हा तुझा पहिला प्रश्न.

बुडालेला नाही. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17 पुन्हा वाच. भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार तिथे रद्दबातल ठरवलाय. खरी तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवावी लागते. दवाखान्याच्या बाकावर घेतलेल्या सहीला ती किंमत नाही. आणि ते पैसे उपचारासाठी दिले असतील तर भरपाईतून कापताही येत नाहीत. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तेव्हा मेडिकलच्या दुकानाची प्रत्येक पावती त्याच्या बायकोकडून मागून घे.

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. आपला अपघात मे 2025 मधला आहे, त्यामुळे अर्ज जुन्या कायद्याखालीच कर. मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे, पण तेवढी वाट बघू नकोस.

अर्ज लिहिण्याआधी ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, तपास. कामगार ईएसआयच्या कक्षेत असेल तर या कायद्याखाली दावा चालत नाही, लाभ तिकडूनच घ्यावे लागतात. मालकाने नोंदणी केली नव्हती एवढ्याने तो कक्षेबाहेर जात नाही, म्हणून ‘कार्ड नव्हतं’ या उत्तरावर थांबू नकोस. आपल्या माणसाचा पगार, ओव्हरटाइम सोडून, 23,000 आहे. ईएसआयची मर्यादा 21,000. म्हणजे तो बाहेर आहे. इथे एक गोष्ट मला वर्षानुवर्षं सलत आलीय. 23,000 कमावणाऱ्याचा पगार भरपाईच्या हिशेबात 15,000 च धरतात. 2020 पासून ती मर्यादा तिथेच आहे. जास्त कौशल्याच्या माणसाला कायदा असा कमी लेखतो, आणि त्याला ते समजावून सांगायची वेळ तुझ्यावर येणार आहे. स्पष्ट सांग, लपवू नकोस.

आता आकडे. 15,000 चे 60 टक्के 9,000. वयानुसार कायद्यात गुणक दिलेत, वय 30 चा 207.98. गुणाकार 18,71,820. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे इजांच्या यादीत, एका हाताच्या तीन बोटांना 30 टक्के लिहिलेत, म्हणून 5,61,546. मालकाच्या विमा कंपनीचा वकील याच आकड्यावर बोट ठेवून बसेल, आणि नवे वकील बहुतेक इथेच थांबतात.

तू थांबू नकोस. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानलं. अनुसूचीतला टक्का ही किमान पायरी आहे. त्यापुढे विचारायचं असतं की हा माणूस जे काम करून पोट भरत होता, ते आता त्याला जमतं का.

म्हणून त्याच्या घरी जा आणि कामाविषयीच विचार. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, कोण बसवायचं? पत्रा कुठल्या हाताने सरकवायचा? नट आवळायला, तयार होणारा भाग उचलायला, गेजने मोजायला कुठली बोटं लागायची? अपघातानंतर कुठे काम मागितलं, काय उत्तर मिळालं? हे सगळं त्याच्या शब्दांत प्रतिज्ञापत्रात येऊ दे. मग डॉक्टरांना साक्षीला बोलावून प्रेस ऑपरेटर म्हणून कमाईची क्षमता किती गेली ते वदवून घे. प्रत्येक वेळी 100 टक्के मिळतात असं नाही. पण तू मांडलंच नाहीस तर न्यायाधीश आपणहून देणार नाहीत.

मालक दोन गोष्टी म्हणेल. पहिली, ‘हा ठेकेदाराचा माणूस.’ कलम 12 प्रमाणे मूळ कंपनी जबाबदार राहते, तिने हवं तर ठेकेदाराकडून वसूल करावं. दोघांनाही प्रतिवादी कर. गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे शिफ्टचे मेसेज, सगळं जमव. दुसरी, ‘त्याने स्वतःच प्रेसचा सुरक्षा सेन्सर बंद केला होता.’ कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. सेन्सर कुणाच्या सांगण्यावरून बंद होता, उत्पादनाचं टार्गेट किती होतं, बाकीच्या प्रेसवर काय स्थिती होती, हे उलटतपासणीत विचार. सोबतचे कामगार नोकरीच्या भीतीने येणार नाहीत. त्यांना दोष देऊ नकोस. फॅक्टरी इन्स्पेक्टरचा अहवाल आणि दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे केसपेपर मागव. ‘घरी पडून लागलं’ अशी नोंद कुणी करून ठेवली नाही ना, हे आधी बघ.

व्याज मागायला विसरू नकोस. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो. अर्जात त्यासाठी वेगळा परिच्छेद घाल.

तो गावी लातूरला परत जायचं म्हणतोय, असं तू लिहिलंस. जाऊ दे. तो कायमचा तिथे राहणार असेल तर दावा तिकडेही दाखल करता येतो. तारखेपायी पुण्याला खेपा घालायला त्याला भाग पाडू नकोस.

मसुदा झाला की पाठव. वय शाळेच्या दाखल्यावरून घाल, आधार कार्डावरून नको. एका वर्षाच्या फरकानेही गुणक बदलतो.

तुझी,
ताई