आधी शर्ट शीव

प्रिय मुली,

तुझी रेखाटनं मिळाली. दरबारी मंडळींचे पोशाख तू जीव ओतून काढले आहेस. पण जून १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडनला, ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज वकिलाला, तू तीन कोनांची हॅट आणि पावडर लावलेला पांढरा केसांचा टोप घातलास. ती हॅट रूढ झाली शतक संपता संपता, आणि तसे पांढरे टोप तर पुढच्या शतकातले. माझ्या पहिल्या नाटकात मीही हेच केलं होतं. एका वृद्ध प्रेक्षकाने आत येऊन चूक दाखवली, तेव्हा कपडे शिवून झाले होते, प्रयोग लागले होते. म्हणून तुला आत्ताच लिहितेय.

सतराव्या शतकाचा म्हणून एकच पोशाख नाही. सुरुवातीला गळ्याभोवती खळ घातलेल्या चुण्यांचं चाक होतं. पुढे ते मोडलं आणि कॉलर खांद्यावर उतरली. हॉलंडमधल्या जुन्या वळणाच्या लोकांनी मात्र चाक बराच काळ सोडलं नाही. तुझ्या कामाची तारीख आहे १५ ऑक्टोबर १६६६. त्या दिवशी लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने ‘वेस्ट’ घालायला सुरुवात केली. वेस्ट म्हणजे अंगालगत बसणारा लांब डगला. त्यावर कोट, खाली गुडघ्यापर्यंतची तुमान. तेव्हाचा डायरीकार जॉन एव्हलिन याने त्याला पर्शियन धाटणीचा म्हटलंय. याने सरदारांना काटकसर शिकवायची, असा राजाचा हेतू होता. आजच्या थ्री-पीस सुटाचं मूळ तिथे आहे. तुझा इंग्रज याच वळणाचा हवा, गळ्याला क्रॅव्हॅट, म्हणजे कापडाची लांब पट्टी, बांधलेला.

टोप तपकिरी घे, खांद्यावर रुळणारा, माणसाच्या खऱ्या केसांसारखा. चांगले टोप खऱ्या केसांचेच असत. लंडनच्या सॅम्युअल पेपीसने १६६५ च्या प्लेगमध्ये डायरीत लिहिलंय, की आता टोपांचं काय होणार, प्लेगने मेलेल्यांचे केस असतील या धास्तीने कुणी विकत घेणार नाही. टोपवाल्याकडे जाशील तेव्हा हे आठव.

आता मुख्य गोष्ट. कोटाचं कापड कापायच्या आधी शर्ट शीव. लोकरी-रेशमी वरचे कपडे धुतले जात नसत. अंगाला लागायचा आणि धुतला जायचा तो लिननचा शर्ट. गळ्याशी, मनगटाशी दिसणारी त्याची शुभ्र कड माणसाची ऐपत सांगायची. बेतायला तो सोपा आहे, सगळे चौकोन आणि आयत, त्यामुळे कापड वाया जात नाही. काखेत मात्र चौकोनी तुकडा तिरका बसवावा लागतो. तो चुकला की हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर ओढला जातो. गळ्याच्या चुण्या हातानेच घाल, बारीक, एकसारख्या. मशीनच्या चुण्या पहिल्या रांगेतून ओळखू येतात.

शर्ट झाला की नटाला त्यातच तालीम करू दे. त्या भरदार बाह्यांत हात वेगळे हलतात, मुजऱ्याला उत्तर देतानाचं वाकणंसुद्धा बदलतं. शिवाय दिव्यांखाली लोकरी कोटातला घाम तोच टिपेल.

निर्मात्याने खर्चात कपात केली तर लेस सोड, लिनन सोडू नकोस. प्लास्टिकच्या गुंड्या नकोत. लाकडी मण्यांवर दोरा गुंडाळून कर, कोट-वेस्टला मिळून बऱ्याच लागतील, आजपासूनच बस. आणि शनिवारी अर्धवट का होईना, शर्ट घेऊन ये. काखेतला तुकडा आपण दोघी मिळून बसवू.

तुझी,
बाई